हिरवळीच्या जागी फुले : मिनेसोटाची अनुदान योजना

परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी स्थानिक वनस्पतींचे अधिवास निर्माण करण्यास सार्वजनिक निधी देणारी ‘लॉन्स टू लेग्यूम्स’ ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची योजना होय. एकेकाळी सर्रास आढळणारी ‘रस्टी पॅच्ड बंबलबी’ ही केसाळ रानमाशी २०१७ मध्ये अमेरिकेत संकटग्रस्त घोषित झाली. कुरणांचा नाश, कीटकनाशके व रोगराई ही तिच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे मानली जातात. २०१९ मध्ये मिनेसोटाने तिला राज्यमाशीचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने या योजनेसाठी ९ लाख डॉलर मंजूर केले. ही रक्कम लॉटरीच्या उत्पन्नातून उभारलेल्या पर्यावरण निधीतून देण्यात आली. नागरिकाने घराभोवतीच्या हिरवळीच्या जागी स्थानिक फुलझाडे लावावीत, खर्चाचा काही वाटा पैशाच्या वा श्रमाच्या रूपाने उचलावा आणि उर्वरित खर्चाची ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई घ्यावी, असे योजनेचे स्वरूप आहे. नुसत्या गवताच्या हिरवळीत या माशीला मकरंद मिळत नाही. राणीमाशी वसंतारंभी बाहेर पडते व तिची वसाहत शरदापर्यंत टिकते. मधल्या काळात फुले संपली, तर वसाहतीची उपासमार होते. त्यामुळे किती रोपे लावली यापेक्षा वसंतापासून शरदापर्यंत बहर अखंड राहतो की नाही, यावरच अशा खर्चाचे यश अवलंबून असते.