१९११ : मुंबईची संघटना आणि कलकत्त्याचा विजय

१९११ साली फुटबॉलचे केंद्र अजून इंग्लंडच होते. त्या वर्षी एफ. ए. कपसाठी नवी ट्रॉफी आली. ती ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी या पेढीने घडवली होती आणि पहिल्याच वर्षी ब्रॅडफर्ड सिटीनेच ती जिंकली. अंतिम सामना बरोबरीत सुटला. फेरसामन्यात न्यूकॅसल एका गोलने हरले. फिफाची स्थापना १९०४ मध्ये पॅरिसला झाली असली, तरी विश्वचषक स्पर्धा अजून एकोणीस वर्षे दूर होती.

हिंदुस्थानात हा खेळ पलटणींबरोबर आला आणि पलटणींच्याच हातात राहिला. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला; पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ. १९०२ मध्ये हारवुड लीगची भर पडली. जुलै १९११ मध्ये रोव्हर्सची समिती आणि मुंबईची फुटबॉल संघटना एकत्र येऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. कारभार गोऱ्या अधिकाऱ्यांचा, चषक गोऱ्या पलटणींचा, असेच चित्र होते.

फुटबॉलचा हंगाम म्हणजे पावसाळा. नेमक्या त्याच महिन्यांत रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत आणि कोकणच्या बोटी बंद असत. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईत येऊन गिरण्यांत राबणारी माणसे हजारोंनी होती, पण मोठे मोकळे मैदान मागणारा हा खेळ त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. हुतूतू आणि आट्यापाट्यांना एवढी जागा लागत नसे. शिवाय लक्ष वेधायला क्रिकेट होतेच: त्याच महिन्यांत पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये खेळत होता आणि गोलंदाज पालवणकर बाळू यांनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले.

मुंबईत कागदावर संघटना उभी राहत असताना कलकत्त्यात मैदानावर इतिहास घडला. २९ जुलै रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान या हिंदी संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट फक्त सुधीर चटर्जींच्या पायात. आधी गोल पलटणीचा झाला. मग शिवदास भादुडींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. वंगभंगाविरुद्धची चळवळ अजून धगधगत असल्याने हा निकाल नुसता खेळापुरता उरला नाही. बंगालची फाळणी मात्र त्यामुळे रद्द झाली, असे मानणे भाबडेपणाचे आहे. डिसेंबरच्या दिल्ली दरबारात ती रद्द करण्याची जी घोषणा झाली, तिच्यामागे राजकीय कारणे होती.

मुंबईला असा दिवस लगेच दिसला नाही. १९२३ मध्ये मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम फेरीत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. हा चषक पहिल्यांदा हिंदी नागरी संघाच्या हाती आला तो १९३७ साली, आणि तोही मुंबईच्या नव्हे, बंगलोर मुस्लिम्स या संघाच्या.