दारफळणी

२०२० साली गल्लीतली होळी आणि शेजारच्या काकूंचा 'होळीचा सण' एकाच दिवशी आले. दरवर्षी असं जुळत नाही. ज्यू पंचांगही चंद्रावरच चालतं, पण त्यातला अधिक महिना वेगळ्या हिशोबानं येतो, त्यामुळे कधीकधी दोन्ही सणांत महिन्याचं अंतर पडतं. त्या वर्षी मात्र ९ मार्चच्या संध्याकाळी इकडे चौकात होळी पेटली आणि तिकडे काकू खिडकीपाशी चष्मा सावरत एस्तेर राणीची कथा वाचत बसल्या. हिब्रूत या सणाला पुरिम म्हणतात. काकूंच्या ज्यू समाजानं, कोकणातल्या बेने इस्राएलांनी, शेजाऱ्यांचं नाव उचललं, बरोबर पुरणपोळीही उचलली. मी पोळीचा दुसरा घास तोंडात घालत होतो, तेवढ्यात टीव्हीवर पट्टी फिरू लागली : पुण्यात करोनाचे दोन रुग्ण, दुबईहून परतलेलं जोडपं.

"दुबई लांब आहे," काकू म्हणाल्या आणि वाटीत तूप ओतलं.

दोन आठवड्यांत पुणे–लोणावळा लोकल थांबली. देहूरोडला राहणाऱ्याला लोकल थांबणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं. इथं घड्याळ लोकलवर लागतं. मग मुंबई-पुणे रस्ता थांबला, मग कारखान्यांचे भोंगे. काकूंनी दाराची कडी लावली, आतली साखळीही घातली आणि फोनवर मला म्हणाल्या, "ही सरकारी दारफळणी बरं का."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. दारफळणीचा सण म्हणजे त्यांचा योम किपूर, मोठ्या उपासाचा दिवस. त्या दिवशी पूर्वी कोकणातल्या गावांत ही मंडळी पांढरे कपडे घालून दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कुणाला शिवायचीही नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी असतो शिळा सण. दारं उघडायची, एकमेकांकडे जायचं, आणि गरिबाला द्यायचं. काकूंच्या लेखी हे दोन वेगळे सण नव्हतेच. दार लावलंस तर उघडायचं कधी आणि उघडल्यावर कुणाला काय द्यायचं, ते आधी ठरव, असं त्यांचं म्हणणं.

काका इथल्या लष्करी डेपोत होते, माझे वडीलही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी हा डेपो उभा केला. मग सगळ्या मुलखाची माणसं इथं गोळा झाली : तमिळ, तेलुगू, पंजाबी, घाटावरची, कोकणातली. आमच्या ओळीत एका भिंतीपलीकडे सांबार शिजायचं आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे शुक्रवारी तिन्हीसांजेला दिवे लागायचे. वडील अभिमानानं सांगायचे ती गोष्ट वेगळी होती. २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा ते त्या गर्दीत होते. त्यामुळे 'दया' या शब्दाचं आमच्या घरी वावडं. कुणी काही फुकट देऊ केलं की वडील विचारायचे, "का देतोय?" उत्तर पटलं तरच घ्यायचे. काकूंशी त्यांचं चांगलं जमायचं. काकूंनी त्यांना एकदा सांगितलं होतं की हिब्रूत दानाला 'त्सदाका' म्हणतात आणि त्याचं मूळ 'त्सेदेक' या शब्दात आहे, म्हणजे न्याय. देणारा उपकार करत नाही, देणं फेडतो. वडिलांनी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ते त्यांचंच वाक्य झालं.

काकूंच्या गोष्टींना सुरुवात नवगावच्या किनाऱ्यापासून व्हायची. अलिबागजवळ फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, मग तेलाचे घाणे. शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली' हे नाव. माझ्यासारख्याला साथीच्या गोष्टींत जास्त रस. त्यांच्या आजीनं १९१८ची मानमोडी पाहिली होती. या तापानं माणूस मान टाकायचा म्हणून मानमोडी. पुस्तकातल्या 'इन्फ्लुएन्झा'ला ती धार नाही. आजी सांगायची, घरात एकाला ताप आला की दुसऱ्या दिवशी सगळं घर आडवं व्हायचं, चूल पेटवायला कुणी उरायचं नाही. मग ज्या घरात चूल पेटली असेल त्यांनी तांदळाची पेज करायची आणि ज्या घरातून धूर दिसत नाही त्याच्या ओट्यावर ठेवायची. जात विचारायला दाराशी उभं कोण राहणार? सकाळी उठून धूर बघायचा, एवढंच.

त्याआधीचा १८९७चा प्लेग मात्र आमच्याच परिसराचा. चिंचवडच्या चापेकर वाड्यात शाळेची सहल जायची. प्लेग अधिकारी रँडचे गोरे सोजीर घराघरांत घुसून रोगी शोधायचे, लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवायचे, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांच्या गोळ्या झडल्या. हे सगळं आम्हाला पाठ. त्याच साली १० मार्चला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, ते शाळेनं नाही, वडिलांनी सांगितलं. एकाच साथीत एकाच गावात दार ठोठावण्याच्या दोन तऱ्हा. आणि गंमत अशी की सव्वाशे वर्षांनी मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपल्याकडे लागू केला तो साथरोग कायदाही १८९७चाच.

त्या प्लेगमध्ये एक ज्यू माणूस होता, वाल्डेमार हाफकिन. ओडेसाचा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यानं प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी तयार झाले त्यांना दिली. पुढे १९०२ साली पंजाबात लशीच्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले, १९ माणसं मेली, आणि खापर त्याच्यावर फुटलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. त्यानं सुरू केलेल्या परळच्या संस्थेला त्याचं नाव १९२५ला मिळालं. हे सगळं मी काकूंना कौतुकानं सांगितलं तर म्हणाल्या, "असेल. पण तो आपला नव्हे, रशियातला."

काकूंचं 'आपला' मोठं कडक होतं. ससूनही त्यात बसत नसे. एप्रिलमध्ये ससून रुग्णालयाची अकरा मजली नवी इमारत करोनासाठी घेतली आणि दिवसरात्र टीव्हीवर ससून-ससून सुरू झालं. मी म्हटलं, "काकू, बघा, तुमच्या माणसाचं नाव सगळ्या पुण्याच्या तोंडी आहे." त्या फिस्सकन हसल्या. "डेव्हिड ससून बगदादी. ते आम्हाला ज्यूच मानायचे नाहीत."

खोटं नव्हतं ते. बगदादहून परागंदा होऊन डेव्हिड ससून १८३०च्या दशकात मुंबईत आला, कापूस आणि अफूच्या व्यापारात अफाट श्रीमंत झाला. पुण्याला रुग्णालय दिलं, कँपातलं 'लाल देऊळ' हे सिनेगॉग बांधलं, अनाथ-पंगू गृहाला पैसा दिला, तेच आज निवारा वृद्धाश्रम म्हणून चालतं. १८६४ साली तो पुण्यातच वारला. त्याची कबर लाल देवळाच्या आवारात आहे. अफू ओढून चीनमध्ये किती घरं बसली याचा हिशोब त्या देखण्या दगडी इमारतींवर कोरलेला नाही, हे मला इथं म्हणावंसं वाटतं. वडील असते तर 'का देतोय'च्या जोडीला 'कशातून देतोय' हेही विचारलं असतं. काकूंचा राग मात्र अफूवर नव्हता, भिंतीवर होता. मुंबईच्या बगदादी ज्यूंनी १८३६ला सरकारकडे अर्ज केला होता की सामाईक दफनभूमीत आमची आणि बेने इस्राएलांची थडगी वेगळी करणारी भिंत बांधून द्या. "मेल्यावरसुद्धा मधे भिंत," काकू म्हणायच्या. म्हणून बेने इस्राएलांनी पुण्यात रास्ता पेठेत आपलं वेगळं प्रार्थनास्थळ केलं, १९२१ साली. सुक्काथ शेलोमो. लाल देवळाइतकं उंच नाही, पण काकूंचं लग्न तिथलं.

तर त्या एप्रिलमध्ये काकूंना मुंबईहून फोन येऊ लागले. "जॉइंटवाल्यांचा," त्या म्हणायच्या. मला वाटलं एखादी जॉइंट फॅमिली. नंतर कळलं, ती अमेरिकन ज्यूंची जुनी संस्था, जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी. १९१४च्या महायुद्धात पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंची उपासमार होतेय, ५०,००० डॉलर पाठवा, अशी तार तुर्कस्तानातल्या अमेरिकी राजदूतानं न्यूयॉर्कला केली, त्यातून ती जन्मली. १९६०च्या दशकापासून ती भारतातही आहे. समाजातली म्हातारी, एकटी, अडचणीतली माणसं ठाऊक असणं हे तिचं मुख्य भांडवल. १९५०च्या सुमारास देशात वीसेक हजार बेने इस्राएल होते, आता चार-पाच हजार. बाकीचे लोद, अश्दोद, दिमोना. इतक्या थोड्या समाजात यादी करायला सोजीर लागत नाहीत. मलिद्याला किती ताटं मांडायची, ज्याला हे माहीत असतं त्याच्याकडे यादी असतेच. मलिदा म्हणजे पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं; एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं. यंदा एक ताट कमी का, हे पंगतीत लगेच कळतं.

पलीकडच्या बाईंनी फोनवर काकूंना तीनच गोष्टी विचारल्या. रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत? पीठ-तांदूळ? आणि सणाचं काय?

सण तोंडावर होता. ८ एप्रिलच्या संध्याकाळी पेसाह, जुन्या बोलीत अनाशी धाकाचा सण. अनाशी म्हणजे आंबट कालवणाचं मडकं, ते आठ दिवस झाकून ठेवायचं. बिनखमिराची भाकर लागते, ती काकू घरी करायच्या. पण शरबत? द्राक्षांच्या दारूऐवजी बेने इस्राएल घरोघरी काळ्या मनुका भिजवून, उकळून, पिळून शरबत करतात, त्यावर आशीर्वाद म्हणायचा. आणि बाजारपेठ सकाळी दोन तास उघडी. मी तोंडाला पंचा बांधून चार दुकानं फिरलो. तिसऱ्यानं मला वेड्यात काढलं. लोक साखर-तेलासाठी रांगेत आणि हा मनुका मागतो. चौथ्याकडे पाव किलो मिळाल्या, त्याही गणपतीच्या प्रसादातल्या उरलेल्या असाव्यात अशा. काकूंनी दारातून ओंजळ पुढे केली, मी लांबून पुडी टाकली. माझ्या हाताला स्पर्श होऊ नये म्हणून नव्हे, त्यांच्या पंच्याऐंशी वर्षांना माझा होऊ नये म्हणून.

सामान आलं ते सणानंतर, पुण्याहून पास काढलेल्या गाडीतून. तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा, साबण, गोळ्या. खोक्यावर देणाऱ्याचं नाव नव्हतं. काकूंनी ते पहिल्यांदा तपासलं, नाव नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "चांगलं आहे." मग मला वही घेऊन बोलावलं. मी दाराबाहेर स्टुलावर, त्या आत खुर्चीत, मधे साखळी. वही म्हणजे समाजाच्या कॅलेंडरची मागची कोरी पानं.

"लिही. समोरच्या गल्लीतला तो बिहारी, चाकणच्या कंपनीत जायचा, दोन पोरं. पाच किलो तांदूळ. एम. बी. कँपातली ती धुणंवाली. निम्मी डाळ. मागच्या खोलीतला मद्रासी आप्पा, त्याला तेल नको, त्याला तेलाचं पथ्य आहे. चहा."

"काकू, हे तुम्हाला आलंय."

"जॉइंटवाले तरी कुठे आपले? अमेरिकेतले. त्यांनी मला विचारलं का, तू कुठली? शिळा सण आहे असं समज."

त्या महिन्यांत दूर पालघरात, मोखाड्याकडच्या आदिवासी पाड्यांवर गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई नावाची दुसरी एक ज्यू संस्था धान्य पोचवत होती. २०१२ला कळव्याच्या झोपडपट्टीतल्या मुलांना शाळेत जेवण देण्यापासून तिची सुरुवात झाली. त्या पाड्यांवर औषधालाही ज्यू नाही. हे मला पुढे समजलं, काकूंना सांगितलं तर त्यांना त्यात सांगण्यासारखं काही दिसलं नाही.

जूनमध्ये तुकोबांच्या पालखीचं देहूत मोजक्या माणसांनिशी प्रस्थान झालं आणि ३० तारखेला ती एसटीत बसून पंढरपूरला गेली. मी गच्चीवरून रस्त्याकडे बघत राहिलो. काकूंचा फोन आला, "दूध आलं का रे?" तो फोन रोज संध्याकाळी सातला यायचा. कधी दूध, कधी पेपरातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ, कधी घड्याळ बंद पडलंय, किती वाजले सांग. म्हातारपणी करमत नाही माणसाला, मी समजून घ्यायचो. माझी बायको आदल्या वर्षी गेली होती, मुलगा बंगळुरात. मलाही फोन उचलायला वेळच वेळ होता.

२०२१च्या मार्चमध्ये काकूंनी लस घेतली. सुई टोचणाऱ्या पोरीला विचारलं, "आधी तू घेतलीस का?" तिनं दंड दाखवला, मगच यांनी बाही वर केली. पुढच्या वर्षी लेक येऊन त्यांना अश्दोदला घेऊन गेली. भांडी वाटली, कपाट विकलं, शब्बाथचे दिवे पिशवीत घातले. कॅलेंडर तेवढं मला दिलं, "तुझंच अक्षर आहे त्यात, ठेव."

मी ते बरेच दिवस उघडलं नाही. यादी माझ्याच हातची, प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. बिहारी, धुणंवाली, आप्पा. सतरा नावं. शेवटच्या ओळीतलं अक्षर मात्र माझं नाही, मोडक्या पेन्सिलीचं, खाली उतरत गेलेलं : शेजारचा, एकटा, साखर आहे, रोज सातला फोन. पुढे खुणा नाहीत, बारीक उभ्या रेघा आहेत, पाच-पाचचे गठ्ठे करून, पानाच्या कडेपर्यंत.