लोपितालचा नियम : नांव आणि श्रेय

चलनकलन शिकणाऱ्या विद्यार्थ्यास लोपितालचा नियम ठाऊक असतोच. अपूर्णांकाचे अंश व छेद एकाच वेळीं शून्य होऊं लागले, म्हणजे त्याची किंमत काय मानावी, हें ठरविण्याची ती युक्ति. क्षच्या वर्गांतून १ वजा करून बाकीस क्ष उणे १ नें भागिलें आणि क्षची किंमत १ धरिली, तर शून्यास शून्यानें भागण्याचा प्रसंग येतो. परंतु क्ष १ च्या अगदीं जवळ येत असतां अंश व छेद कोणत्या वेगानें शून्याकडे जातात हें पाहिलें, तर अंशाचा वेग छेदाच्या दुप्पट दिसतो. म्हणून सीमा २. युक्ति सुबोध आहे. तिचा इतिहास मात्र तितका सरळ नाहीं.

१६९१ सालीं योहान बेर्नुली हा चोवीस वर्षांचा स्विस तरुण पॅरिसला येऊन मार्क्विस द लोपिताल या सरदारास हें नवें शास्त्र शिकवूं लागला. तो स्वदेशीं परतल्यावर, मार्च १६९४ च्या पत्रांत, सरदारानें त्यास वार्षिक ३०० लीव्ह्र देऊं केले. अट ही कीं, नवे शोध आपणांस कळवावे, इतरांस कळवूं नयेत. नुकताच संसार थाटलेल्या बेर्नुलीनें ती मान्य केली. त्याच वर्षीं जुलैच्या पत्रांतून हा नियम पॅरिसला गेला, आणि १६९६ मध्यें लोपितालच्या ग्रंथांत, म्हणजे चलनकलनाच्या पहिल्या पाठ्यपुस्तकांत, तो छापला गेला.

प्रस्तावनेंत बेर्नुली बंधूंचें ऋण सरदारानें मोकळेपणानें मान्य केलें आहे. पण कोणता शोध कोणाचा, हें सांगितलेलें नाहीं. १७०४ मध्यें तो वारल्यावर बेर्नुलीनें नियमावर उघड हक्क सांगितला, तेव्हां लोकांचा फारसा विश्वास बसला नाहीं. सख्ख्या भावाशीं, आणि पुढें पोटच्या मुलाशींहि, श्रेयासाठीं भांडलेल्या माणसाचा शब्द कोण मानणार? १९२२ मध्यें त्याचीं जुनीं व्याख्यानें व १९५५ मध्यें उभयतांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला, तेव्हां कोठें सत्य निर्विवाद ठरलें.

आमच्या मतें लोपितालास चोर म्हणणें अन्यायाचें होईल. त्यानें मोबदला दिला, आणि त्याच्या ग्रंथानें यूरोपांतील कित्येकांस हें शास्त्र सुगम केलें. परंतु द्रव्यानें दुसऱ्याचें मौन विकत घेतां येतें, बुद्धीचें श्रेय नव्हे. नियमाचें रूढ नांव आतां बदलण्याचें कारण नाहीं. मात्र तो शिकवितांना बेर्नुलीचें नांव एकदां तरी उच्चारावें, एवढें ऋण फेडणें शिक्षकांच्या हातीं आहे.