रक्ताचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत का ठेवत नाहीत?

चित्रपटांत पोलीस रक्ताने माखलेला शर्ट पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरताना दिसतात. प्रत्यक्षात ओला पुरावा असा बंद केला तर तो निकामी होऊ शकतो.

ओलावा हा डीएनएचा मोठा शत्रू. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडला की जिवाणू आणि बुरशी वाढतात व डीएनएचे तुकडे होतात. उष्णतेने हे आणखी झपाट्याने घडते.

म्हणून कपडे स्वच्छ कागदावर पसरून सावलीत वाळवतात. ऊन किंवा ड्रायर वापरत नाहीत. आरोपीचे आणि पीडिताचे कपडे एकत्र वाळवत नाहीत. घडी घालताना मध्ये कोरा कागद ठेवतात, म्हणजे एका जागेचा डाग दुसरीकडे लागत नाही. मग प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात जाते, कारण कागदातून हवा खेळते. पाकीट थुंकी लावून चिकटवत नाहीत. थुंकीतही डीएनए असतो.

अमेरिकेतील ओ. जे. सिम्पसन खटल्यात रक्ताचे ओले नमुने प्लास्टिकच्या पिशव्यांत, गरम गाडीत ठेवल्याचा मुद्दा बचाव पक्षाने लावून धरला. १९९५ मध्ये सिम्पसनची निर्दोष सुटका झाली. त्यामागे इतरही कारणे होती, पण नमुन्यांच्या हाताळणीवरचा संशय त्यांतलेच एक मोठे कारण मानले जाते.

लैंगिक अत्याचारानंतर अंगावरचे कपडे धुऊ नयेत. बदललेच असतील, तर प्रत्येक कपडा वेगळ्या स्वच्छ कागदी पिशवीत घालून लवकरात लवकर रुग्णालयात किंवा पोलिसांकडे न्यावा. वाळवण्याचे काम तज्ज्ञांवर सोडावे.