कापसाचे गाणे

कापूस मुका आहे. पण तो वेचणाराही गायिला आणि त्याचे सूत काढणाराही गायिला. या दोन गाण्यांचे नाते मला कोणत्या शाळेत नव्हे, युनियनच्या कचेरीत जुनी पुस्तके चाळताना उमगले.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने गेली. जमीन मात्र मालकाकडेच राहिली. बटाईने कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय कुळांच्या हाका शेतात घुमत. एकाने ओळ टाकावी, इतरांनी उचलावी. अशा गाण्यांतून पुढे ‘ब्लूज’ घडले. ज्या यादवी युद्धाने (१८६१–६५) ती गुलामगिरी मोडली, त्यानेच तिकडचा कापूस अडवून मुंबईच्या कापूसबाजारात पैसा ओतला. म्हणजे त्यांच्या घामाचा व आपल्या शहराच्या वैभवाचा हिशेब एकाच वहीत आहे.

१९४३ साली मडी वॉटर्स मिसिसिपीचा मळा सोडून शिकागोस गेले. दिवसा मजुरी, रात्री गाणे. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्यांनी विजेची धरली. १९६० साली न्यूपोर्टच्या महोत्सवात त्यांनी हजारोंना डोलावले.

इकडे वाटेगावचे अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. येथेही शाहिराने ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी उचलायची! डफाला वीज लागली नाही. चाळीचे पटांगण पुरले.

२०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव भरला. लहानपणी लुईझियानात कापूस वेचलेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे बडी गाय तेथे गायिले. कुळाच्या पोराचा हा सन्मान पाहून कोणाही कामगाराची छाती फुगावी. पण कार्यक्रम तिकिटाचा. कापसाच्या धंद्यात पिढ्या घालवलेल्या गिरणगावाला त्याची वार्ता कितीशी पोचली असेल?

ब्लूजला व्यासपीठ मिळाले, पण त्याचे अंगण बदलले. आपल्या शाहिरीचे अंगणच १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर उठत गेले. जतन करायचे ते केवळ गाणे नव्हे, ओळ उचलणारी माणसेही.

मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्यास आले, त्यांच्या पाठोपाठ माथाडी आला. १९६९ च्या कायद्याने त्याच्या मजुरीला आधार दिला. त्याच्या गळ्याला आधार आपणच द्यायचा आहे. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, धक्क्यावर, बिनतिकिटाचे एक कलापथक उभे करू या. ओळ कोणीतरी टाकील. उचलायला आपण हजर असले पाहिजे.