दिनदर्शिका जुळणी (पर्यटक निवास)

'''दिनदर्शिका जुळणी''' किंवा '''कॅलेंडर सिंक''' ही एकच घर, बंगला किंवा खोली एकाहून अधिक आरक्षण संकेतस्थळांवर भाड्याने ठेवलेली असताना प्रत्येक ठिकाणच्या आरक्षित तारखा इतर ठिकाणी कळवण्याची पद्धत आहे. एअरबीएनबी, व्हर्बो, बुकिंग डॉट कॉम यांसारख्या संकेतस्थळांवर ती वापरली जाते. जोडलेली दिनदर्शिका काढून टाकल्यास तिच्यामुळे बंद झालेल्या तारखा सामान्यतः पुन्हा खुल्या होतात. त्यामुळे एकाच तारखेला दोन आरक्षणे होण्याचा धोका संभवतो.

== इतिहास ==
या जुळणीचा आधार आयकॅलेंडर हे खुले मानक आहे. ते नोव्हेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४४५ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने त्याची जागा घेतली. व्हर्बो (१९९५) आणि बुकिंग डॉट कॉम (१९९६) ही संकेतस्थळे मानकाच्या आधीची, तर एअरबीएनबी (२००८) नंतरचे आहे. ॲपलच्या आयकॅल या प्रणालीमुळे 'आयकॅल' हे नाव रूढ झाले आणि आजही अशा दुव्यांना बोलीत 'आयकॅल लिंक' म्हटले जाते.

== कार्यपद्धती ==
प्रत्येक संकेतस्थळ यजमानाच्या घरासाठी एक स्वतंत्र पत्ता (यूआरएल) तयार करते. त्या पत्त्यावर '.आयसीएस' प्रकारची साधी मजकूर फाइल असते. फाइलमधील प्रत्येक नोंदीत आरंभ तारीख, समाप्ती तारीख आणि ओळख क्रमांक असतो. पूर्ण दिवसांच्या नोंदीत समाप्तीची तारीख मोजली जात नाही. १० जानेवारीला येऊन १३ जानेवारीला जाणाऱ्या पाहुण्याच्या नोंदीत समाप्ती १३ तारखेची असते, परंतु १०, ११ आणि १२ या तीनच रात्री बंद होतात. १३ तारखेला दुसरा पाहुणा येऊ शकतो.

हा पत्ता दुसऱ्या संकेतस्थळावर नोंदवण्यास आयात म्हणतात. आयात करणारे संकेतस्थळ ठरावीक अंतराने फाइल स्वतः वाचते. नवे आरक्षण होताच त्याला सूचना मिळत नाही. त्यामुळे दोन वाचनांच्या मधल्या काळात माहिती जुनी असते. गूगल कॅलेंडरमध्ये पत्त्यावरून जोडलेल्या दिनदर्शिकेतील बदल दिसण्यास १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

== जोडणी काढण्याचे परिणाम ==
आयात आणि निर्यात या दोन स्वतंत्र जोडण्या आहेत. 'अ' संकेतस्थळावरून 'ब'ची दिनदर्शिका काढली, तरी 'ब' हे 'अ'ची दिनदर्शिका वाचतच राहते. जुळणी पूर्णपणे थांबवण्यासाठी दोन्हीकडील नोंद काढावी लागते.

जोडणी काढणे आणि पत्ता बंद पडणे यांतही फरक आहे. पत्ता बंद पडल्यास जुन्या तारखा बंद ठेवाव्यात की खुल्या कराव्यात, हे मानकाने ठरवलेले नाही. तो निर्णय प्रत्येक संकेतस्थळाचा असतो.

काही वेळा जोडणी काढणे हाच दोषावरील उपाय ठरतो. आयात केलेल्या तारखाही पुन्हा निर्यात होत असतील, तर 'अ'मधील आरक्षण 'ब'मध्ये जाऊन 'ब'ची नोंद म्हणून 'अ'कडे परतते. मूळ आरक्षण रद्द झाल्यावरही दोन्ही नोंदी एकमेकींना टिकवून धरतात आणि रिकाम्या तारखा बंदच दिसतात. एका बाजूची जोडणी काढल्यास हे चक्र तुटते.

== काढण्याचा क्रम ==
आरक्षणे सुरक्षित राहावीत यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो:
# काढावयाच्या दिनदर्शिकेतील पुढील सर्व आरक्षणांची यादी करणे.
# उरणाऱ्या संकेतस्थळावर त्या तारखा हाताने बंद करणे.
# दोन्ही संकेतस्थळांवरील आयात नोंदी काढणे.
# प्रत्येक दिनदर्शिका उघडून तारखा यादीशी ताडून पाहणे.

आधी जोडणी काढून नंतर तारखा बंद केल्यास मधल्या वेळेत आरक्षण होऊ शकते. ते रद्द करावे लागल्यास पाहुण्याची गैरसोय होते आणि यजमानाला दंडही बसू शकतो.

== गोपनीयता ==
निर्यात पत्ता ज्याच्याकडे असेल, त्याला सहसा संकेतशब्दाविना फाइल वाचता येते. घर कोणत्या दिवशी रिकामे आहे, हे त्यावरून समजू शकते. आयात नोंद काढल्याने हा पत्ता रद्द होत नाही. गूगल कॅलेंडरमध्ये गुप्त पत्ता बदलण्याची सोय असून त्यानंतर जुना पत्ता निकामी होतो.

== पर्याय ==
अनेक संकेतस्थळे वापरणारे यजमान चॅनेल मॅनेजर प्रकारच्या सॉफ्टवेअरचा वापर करतात. ते संकेतस्थळांशी थेट जोडलेले असल्याने बदल लवकर पोहोचतात, तसेच तारखांबरोबर दरही जुळवता येतात. अशा सॉफ्टवेअरकडे वळताना जुने आयकॅलेंडर दुवे काढले नाहीत, तर एकच तारीख दोन मार्गांनी बंद होऊ शकते आणि आरक्षण रद्द झाल्यावरही ती लगेच खुली न होण्याची शक्यता असते.