मेंदूतला ठिपका आणि गॅडोलिनियम

जत, आटपाडी, माण, खटाव या भागांतून पहिल्यांदाच फीट आलेला रुग्ण घेऊन माणसे मिरजेला, सांगलीला किंवा कराडला येतात. एमआरआयच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘कॉन्ट्रास्टसह’ असे लिहिलेले असते. सोबतचे नातेवाईक विचारतात, ‘फोटोच काढायचा, तर हे इंजेक्शन कशाला?’ प्रश्न रास्त आहे. आजचा धागा त्याच्या उत्तराचा, आणि ते उत्तर १८८५ पासून सुरू होते.

त्या वर्षी जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. यकृत, मूत्रपिंड, स्नायू सारे रंगले. मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला रंगाची ओढच नसावी, असा त्यांनी अर्थ लावला. तो चुकला. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक तटबंदी आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात, तीच ही तटबंदी. गाठ, गळू किंवा दाह झाला की तिला खिंडार पडते.

कॉन्ट्रास्टचे सारे मर्म इथे आहे. ते औषध रोगाला ओळखत नाही. तट कुठे फुटला आहे, एवढेच दाखवते.

पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून पहिले चित्र १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अशा द्रव्याचा शोध सुरू झाला, तो गॅडोलिनियमपाशी येऊन स्थिरावला. या धातूच्या आयनात सात एकाकी इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या चुंबकत्वामुळे जवळच्या पाण्याचा संदेश उजळतो. अडचण अशी, की मोकळे गॅडोलिनियम विषारी. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी ते डीटीपीए नावाच्या रेणूच्या पकडीत जखडले. १९८४ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातून मेंदूच्या गाठींवरील पहिले अनुभव प्रसिद्ध झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

आता आपल्याकडे येऊ. मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात ते उगाच नव्हे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उघडले. त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. क्षयाचा एवढा वावर असलेल्या देशात मेंदूत कडेने उजळणारा ठिपका दिसला, की ‘क्षयाची गाठ’ हे निदान जिभेवर येणारच. सीटी स्कॅन आले तेव्हा देशभर तसेच झाले. अनेकांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली गेली.

वेल्लोरच्या डॉ. चांडी, डॉ. राजशेखर आणि सहकाऱ्यांनी असे ठिपके शस्त्रक्रियेने काढून तपासले. १९८९ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की त्यांतले बहुतेक पट्टकृमीच्या अळीचे निघाले. सिस्टिसरकोसिस. पुढे त्यांनी निकष ठरवले: ठिपका एकच, २० मिलिमीटरहून लहान, मेंदू बाजूला सरकलेला नाही. असे ठिपके पुष्कळदा आपोआप विरतात. रुग्णाला फीटची गोळी पुरते. (‘आम्ही माळकरी, डुकराचे मांस घरात येत नाही’ हा आक्षेप येथे हमखास येतो. पण कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाजीपाल्यावर येतात; अळी मेंदूत जायला मांस खावेच लागते असे नाही.)

एमआरआयमुळे उजळलेल्या कड्याच्या आत अळीचे टिंबाएवढे मुंडकेही दिसू शकते. ते दिसले, तर वाद मिटतो. नाही दिसले, तर पुन्हा क्षय, कृमी आणि कर्करोग यांचा विचार करावा लागतो. ज्या मुलीचे लग्न ठरायचे आहे, तिच्या घरी या तीन शब्दांमधले अंतर किती, हे वेगळे सांगायला नको.

औषधालाही काळी बाजू आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांमध्ये त्वचा व सांधे आखडवणाऱ्या आजाराशी गॅडोलिनियमचे नाते २००६ मध्ये उघड झाले. २०१४ मध्ये जपानमधील संशोधकांनी, वारंवार इंजेक्शने घेतलेल्यांच्या मेंदूत त्याच्या खुणा उरतात, असे दाखवले. त्या उरलेल्या अंशामुळे अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तरी युरोपने २०१७ मध्ये ढिल्या पकडीच्या बऱ्याच औषधांवर निर्बंध आणले. आज अधिक वापर होतो तो धातूला पिंजऱ्यासारखे कोंडणाऱ्या रेणूंचा.

म्हणूनच इंजेक्शनआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात. तो जुना असेल, किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर टेबलावर झोपण्यापूर्वीच सांगावे.